आर्क फ्लॅश : वऱ्हाडातील कारखान्यांमधील धोक्याचे मूल्यमापन व कामगारांचे प्रशिक्षण

दोन फेजमध्ये, किंवा फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये, हवेतूनच प्रवाह वाहू लागून क्षणार्धात उसळणारी विद्युत प्रज्योत म्हणजे आर्क फ्लॅश. वीजतंत्री आणि तारतंत्री तिला ‘फ्लॅश झाला’ किंवा ‘पॅनल उडालं’ एवढेच म्हणतात. विजेचा धक्का बसायला सहसा स्पर्श व्हावा लागतो. आर्क फ्लॅशमध्ये हातभर अंतरावर उभा असलेला माणूसही भाजतो. प्रज्योतीचे तापमान सुमारे १९,००० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. तांब्याच्या बसबारची वाफ होते आणि ती वाफ मूळ धातूच्या सुमारे ६७,००० पट जागा व्यापते. त्यामुळे उष्णतेबरोबर दाबाची लाट येते, पॅनलचे दार उखडते, वितळलेल्या धातूचे थेंब उडतात, कानाचा पडदा फाटू शकतो, आणि प्रखर प्रकाश व गरम वायू डोळ्यांना व श्वसनमार्गाला इजा करतात.

हा धक्क्यापेक्षा वेगळा धोका आहे याकडे राल्फ ली या अमेरिकन अभियंत्याच्या १९८२ मधील शोधनिबंधाने जगाचे लक्ष वेधले. आयट्रिपलई १५८४ ही आर्क फ्लॅशच्या गणनेची मार्गदर्शिका २००२ मध्ये निघाली आणि २०१८ मध्ये नव्या चाचण्यांच्या आधारे पूर्णपणे बदलली. कामाच्या पद्धतींसाठी अमेरिकेची एनएफपीए ७०ई ही संहिता भारतातले मोठे उद्योगही आधाराला घेतात.

वऱ्हाडातील स्थिती. या भागात धोक्याची दोन टोके आहेत. एका टोकाला अकोला जिल्ह्यातील पारस येथील महानिर्मितीचे २५० मेगावॅटचे दोन संच आणि अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथील २७० मेगावॅटच्या पाच संचांचे औष्णिक केंद्र. अशा केंद्रांत रिले, परमिट पद्धत आणि प्रशिक्षित माणसे असतात. दुसऱ्या टोकाला अकोल्याच्या एमआयडीसीतील डाळमिली आणि तेलगिरण्या, अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर भागातील जिनिंग-प्रेसिंग, नांदगाव पेठेतील कापड उद्योग. ११ किंवा ३३ किलोव्होल्टचा उच्चदाब पुरवठा, आवारात रोहित्र आणि पुढे ४३३ व्होल्टचे लघुदाब पॅनल ही इथली नेहमीची मांडणी. ‘लघुदाब’ या नावाने गाफील राहणे हा सर्वांत मोठा घात आहे, कारण भाजण्याचा गंभीर धोका ४३३ व्होल्टच्या पॅनलसमोरही तेवढाच असतो.

जिनिंगचा हंगाम कपाशीबरोबर येतो. पावसाळाभर बंद राहिलेले पॅनल दसरा-दिवाळीच्या सुमारास उघडले जाते. आत ओल धरलेली असते, सरकीचा व रुईचा बारीक तंतू टर्मिनलवर बसलेला असतो, केबलच्या भोकातून उंदीर किंवा पाल शिरलेली असते. डाळमिलीत हेच काम पिठासारखी बारीक धूळ करते. ओली धूळ विद्युतरोधकाच्या पृष्ठभागावर प्रवाहाला वाट करून देते, आणि ब्रेकर ‘ऑन’ करताच प्रज्योत पेटू शकते. म्हणून हंगामाआधी पुरवठा बंद ठेवून केलेली सफाई, टर्मिनल घट्ट करणे आणि मेगरने रोध मोजणे हा मूल्यमापनाचाच पहिला भाग समजावा.

मूल्यमापन. प्रज्योतीची झळ दर चौरस सेंटीमीटरला किती कॅलरी पोहोचते, यावर धोका मोजतात. १.२ कॅलरीला उघड्या त्वचेवर फोड येणारा, म्हणजे दुसऱ्या श्रेणीचा दाह सुरू होतो. ज्या अंतरावर झळ १.२ कॅलरीपर्यंत उतरते ती आर्क फ्लॅशची सीमा. तिच्या आत योग्य पोशाखाशिवाय कोणी जाऊ नये.

झळ मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : प्रज्योतीचा प्रवाह, माणसाचे अंतर आणि संरक्षक उपकरणाने पुरवठा तोडायला घेतलेला वेळ. उदाहरणार्थ, १,००० केव्हीए आणि ५ टक्के इम्पिडन्सच्या रोहित्राचा ४३३ व्होल्टला पूर्णभार प्रवाह सुमारे १,३३३ अँपिअर येतो. रोहित्राच्या टर्मिनलवर पूर्ण शॉर्ट झाल्यास या प्रवाहाच्या वीसपट, म्हणजे सुमारे २६.७ किलोअँपिअर प्रवाह वाहू शकतो. हवेतल्या प्रज्योतीचा प्रवाह याहून बराच कमी असतो, पण तोही हजारो अँपिअरचा. आता ब्रेकर ०.१ सेकंदात सुटला तर जेवढी ऊर्जा बाहेर पडेल, त्याच्या पाचपट ०.५ सेकंदाला पडेल. माणसाचा जीव या दशांश सेकंदांत असतो.

इथेच एक उलटी गोष्ट लक्षात घ्यावी लागते. प्रवाह कमी म्हणजे धोका कमी, असे होत नाही. लांब केबलच्या टोकाला किंवा डिझेल जनित्रावर मिल चालू असताना दोषप्रवाह कमी असतो. ब्रेकरचा तात्काळ सुटण्याचा बिंदू गाठलाच जात नाही आणि प्रज्योत जास्त वेळ जळते. म्हणून महावितरणचा पुरवठा आणि जनित्र अशा दोन्ही स्थितींत गणना करावी लागते. छतावरचे सौर संच असतील तर तिसरी स्थिती धरावी. त्यांच्या डीसी बाजूची प्रज्योत सहजी विझत नाही, आणि आयट्रिपलई १५८४ ची सूत्रे २०८ व्होल्ट ते १५ किलोव्होल्टच्या तीन-फेज एसी यंत्रणेपुरतीच आहेत.

गणनेसाठी अद्ययावत एकरेषी आराखडा, रोहित्राची पाटी, केबलची लांबी व जाडी, रिले व ब्रेकरच्या सेटिंग आणि पुरवठादाराकडून दोषपातळी एवढी माहिती लागते. सॉफ्टवेअर उत्तर काही मिनिटांत देते. कष्ट माहिती गोळा करण्यात आहेत. टप्प्याटप्प्याने वाढलेल्या जुन्या गिरणीत आराखडाच नसतो, आणि कोणते फीडर कुठे जाते हे एकाच जुन्या तारतंत्र्याला ठाऊक असते. शिवाय किटकॅटमध्ये फ्यूज-तारेऐवजी तांब्याच्या तारेचा पीळ घातलेला असेल, तर कागदावरचे सगळे गणित खोटे ठरते. निष्कर्ष पॅनलच्या दारावर लेबल म्हणून लावतात : व्होल्टता, सीमा, झळ, लागणारा पोशाख. यंत्रणा बदलली की, आणि बदलली नाही तरी पाच वर्षांच्या आत, फेरतपासणी करावी.

नियम. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा व वीजपुरवठ्यासंबंधीचे २०१० चे विनियम २०२३ मध्ये नव्याने आले. चालू वाहिनीवर वा उपकरणावर अधिकृत माणसानेच काम करावे, हातमोजे, बूट, हेल्मेट, अर्थिंगची साधने द्यावीत, २५० किलोवॅटपेक्षा अधिक जोडभाराच्या कारखान्याने विद्युत सुरक्षा अधिकारी नेमावा, ही त्यांची दिशा. महाराष्ट्रात वीजसंचमांडणीची तपासणी विद्युत निरीक्षक करतात आणि कारखान्यातील कामगारांची सुरक्षा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहते. प्रत्येक उच्चदाब ग्राहकाला आर्क फ्लॅशच्या गणनेचा अहवाल सक्तीचा केला, तर लहान गिरण्यांपर्यंतही हे ज्ञान पोहोचेल.

प्रशिक्षण. आयटीआयचा वीजतंत्री अभ्यासक्रम धक्क्यापासून बचाव चांगला शिकवतो. त्यापुढचे, म्हणजे लेबल वाचणे, सीमा ओळखणे, ब्रेकर रॅक-आऊट करताना दार बंद ठेवून पॅनलच्या बाजूला उभे राहणे, हे प्रत्यक्ष पॅनलवरच शिकवावे लागते. शिकवणीचा गाभा शटडाऊनची शिस्त हा आहे. परमिट घ्यायचे, ब्रेकर उघडायचा, कुलूप व टॅग लावायचे, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. मग टेस्टर चालू ठिकाणी लावून तो चालतो याची खात्री करायची, कामाच्या जागी तिन्ही फेज तपासायचे, आणि टेस्टर पुन्हा चालू ठिकाणी पडताळायचा. शेवटी अर्थिंग. हे होईपर्यंत पॅनल चालूच आहे असे धरायचे, आणि या तपासणीच्या वेळीही पोशाख अंगावर असायला हवा. एनएफपीए ७०ई तीन वर्षांच्या आत पुनःप्रशिक्षण सांगते. हंगामी कारखान्यांनी ते दर हंगामापूर्वी घ्यावे.

पोशाखाचे ४, ८, २५ आणि ४० कॅलरी असे चार स्तर मानले जातात. पॉलिएस्टरचा शर्ट वितळून कातडीला चिकटतो, म्हणून आतले कपडेही सुतीच हवेत. साधे सूतही पेट घेते. बाहेरचा पोशाख प्रमाणित आर्करोधकच लागतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा ४० कॅलरीच्या जाड सुटात काही मिनिटांतच घाम आणि गुदमर असह्य होतात, आणि माणूस हुड काढून ठेवतो. यावर उपाय सक्तीचा नाही, झळच कमी करण्याचा आहे : रिलेच्या सेटिंग सुधारणे, प्रज्योतीचा प्रकाश ओळखून ब्रेकर सोडणारे रिले बसवणे, ब्रेकर दुरून चालवणे आणि जड कामे पहाटे शटडाऊनमध्ये उरकणे.

फ्लॅश झाल्यावर आधी पुरवठा बंद करावा, मगच माणसाला हलवावे. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी धरावे. हळद, तेल, टूथपेस्ट लावू नये, चिकटलेले कापड ओढू नये. आवाज बसला असेल किंवा नाकातले केस जळाले असतील तर श्वासमार्ग भाजला असण्याची शक्यता असते. बाहेरून जखम लहान दिसली तरी जखमीला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे. हे सारे प्रशिक्षण कायम नोकरांइतकेच कंत्राटी तारतंत्र्यालाही मिळाले पाहिजे, कारण लहान गिरण्यांत पॅनल बहुतेक वेळा तोच उघडतो. गिरणीमालकांनी महागडा सूट घेण्याआधी एकरेषी आराखडा काढून घ्यावा, रिले तपासून घ्यावेत आणि फ्यूजमधली तांब्याची तार आजच काढून टाकावी.