पद्मपाणीचा खरा रंग कोणता?

गेल्या दिवाळीत आम्ही घरचे सगळे अजिंठ्याला जाऊन आलो. वाशीमला परतल्यावर नातवाने पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा फोटो संगणकावर दोन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून दाखवला. फाईल एकच, पण एकीकडे पद्मपाणी तांबूस, तर दुसरीकडे हळद लावल्यासारखा पिवळा! मी विचारलं, "यातला खरा कोणता रे?" तो म्हणाला, "आबा, दोन्ही खरे." जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला असं उत्तर पचत नाही.

मग त्याने समजावून सांगितलं. 'रॉ' फाईलमध्ये तयार रंग नसतातच. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच गाळणी असते आणि तिच्यातून किती उजेड आला तेवढा आकडा नोंदवला जातो. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांना या रचनेचं पेटंट १९७६ साली मिळालं. बाकीचे दोन रंग सॉफ्टवेअर शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरतं. पांढरं कशाला म्हणायचं, लाल किती गडद करायचा, हे ज्याचं त्याने ठरवलेलं असतं.

हे ऐकताना मला अजिंठ्याचाच इतिहास आठवला. १८४४ मध्ये मेजर रॉबर्ट गिल यांना या चित्रांच्या नकला करायला नेमलं. त्यांची बहुतेक चित्रं १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. १८७२ ते १८८५ असं ते काम चाललं. त्यातल्याही कितीतरी नकला १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. भिंत तीच, पण प्रत्येक चित्रकाराचा डोळा वेगळा आणि रंगांची पेटीही वेगळी.

नकला जळाल्या तरी मूळ भिंत होती ना? पण तिलाही आपण हात लावलाच. चित्रं उठून दिसावीत, टिकावीत म्हणून तिच्यावर व्हार्निश चढवलं गेलं. १९२० च्या सुमारास निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचा थर दिला. काळाबरोबर तो पिवळा पडला. पुढे पुरातत्त्व खात्याला तो काढायला वर्षानुवर्षं खपावं लागलं. म्हणजे नातवाच्या कॅमेऱ्याने टिपलं ते तरी अस्सल कुठे होतं?

आम्हा वाशीमकरांना याची खंत जरा जास्तच वाटायला हवी. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पाचव्या शतकातला इथला राजा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने सोळावं लेणं करवून घेतलं, तसा शिलालेखच तिथे आहे. पहिलं लेणं खुद्द हरिषेणाचं, असं वॉल्टर स्पिंक यांचं मत. त्याच्या चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, काजळी आणि दूरदेशीचा निळा लाजवर्द दगड वापरला. ओला हात भिंतीवरून उचलला तेव्हा त्यांना जो रंग दिसला, तो आता कुणालाच दिसायचा नाही.

नातवाला एवढंच सांगितलं, "बाबा, फोटो तुला आवडेल तसा रंगव. पण मूळ फाईल तेवढी पुसू नकोस."