'मंडे नायट्रो'चा पहिला भाग : थेट प्रक्षेपण आणि अनिश्चिततेचे स्थलांतर

मराठी वाचकाच्या मनात 'कुस्ती' या शब्दाशी जोडलेली हार-जीत आखाड्यातच ठरते. अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीत मात्र निकाल आधी ठरलेला असतो. १९८९ मध्ये वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन (डब्ल्यूडब्ल्यूएफ) या संस्थेने न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे हा प्रकार क्रीडास्पर्धा नसून मनोरंजन असल्याचे मान्य केले होते. राज्याचे नियंत्रण व कर टळावेत, हा त्यामागील व्यावहारिक हेतू होता. निकालच ठरलेला असेल तर अशा कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपण करून नेमके काय साधते, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. 'मंडे नायट्रो' या मालिकेच्या ४ सप्टेंबर १९९५ रोजी प्रक्षेपित झालेल्या पहिल्या भागात त्याचे उत्तर मिळते.

त्यापूर्वीची प्रथा वेगळी होती. अनेक आठवड्यांचे भाग एकाच बैठकीत चित्रित केले जात आणि नामांकित मल्लांसमोर बहुधा हरण्यासाठीच नेमलेले दुय्यम मल्ल उभे केले जात. डब्ल्यूडब्ल्यूएफने ११ जानेवारी १९९३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन सेंटरमधून 'मंडे नाइट रॉ' थेट दाखवून ही चाकोरी मोडली. तथापि खर्चाच्या दृष्टीने तो मार्गही लवकरच सैल झाला. एका सोमवारी थेट प्रक्षेपण आणि त्याच वेळी पुढील भागांचे चित्रण, अशी तडजोड रूढ झाली. प्रतिस्पर्ध्याला नेमकी हीच फट सापडली.

वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग (डब्ल्यूसीडब्ल्यू) ही संस्था टेड टर्नर यांच्या प्रसारण उद्योगाचा भाग होती. तिचे सूत्रधार एरिक बिशॉफ यांना टीएनटी वाहिनीवर सोमवारची रात्र मिळाली. पहिल्या भागासाठी निवडलेली जागा म्हणजे मिनेसोटा राज्यातील ब्लूमिंग्टन येथील 'मॉल ऑफ अमेरिका' हे अवाढव्य खरेदी-संकुल. रिंगभोवती प्रेक्षक आणि वरच्या मजल्यांच्या कठड्यांवरून डोकावणारे लोक, अशा दृश्यामुळे सभागृह भरण्याची चिंता उरली नाही. हल्क होगन याच्या नावाशी निगडित पास्ताच्या उपाहारगृहाची जाहिरातही त्याच संकुलात, त्याच तासात उरकण्यात आली. समालोचकांत बॉबी हीनन होते. 'रॉ'च्या पहिल्या भागात इमारतीत प्रवेश नाकारला गेलेला मनुष्य म्हणून कथानकात जे बाहेर ताटकळत होते, तेच हे हीनन!

जपानचा जुशिन थंडर लायगर आणि ब्रायन पिलमन यांची सलामीची लढत कौशल्याच्या दृष्टीने उत्तम होती. तरीही हा भाग स्मरणात राहिला तो वेगळ्याच कारणाने. रिक फ्लेअर व स्टिंग यांची लढत चालू असताना लेक्स लुगर प्रवेशमार्गावर येऊन उभा राहिला. लुगर हा डब्ल्यूडब्ल्यूएफचा मल्ल. आदल्याच रात्री तो त्या संस्थेच्या एका प्रयोगात उतरला होता. त्याच्या कराराची मुदत संपलेली होती, परंतु तो आपल्याकडेच आहे असे मालक व्हिन्स मॅकमहन यांच्या संस्थेत गृहीत धरले गेले होते. भागाच्या अखेरीस लुगरने होगनला आव्हान दिले आणि पुढच्या सोमवारची लढत निश्चित झाली.

कुस्तीचा निकाल लिहिलेला होता. लुगरचे येणेही डब्ल्यूसीडब्ल्यूच्या संहितेत होतेच. ते नव्हते फक्त प्रतिस्पर्धी संस्थेच्या आणि प्रेक्षकांच्या संहितेत. अनिश्चितता रिंगमधून उठून करारपत्रांत गेली, असे म्हणणे येथे वावगे ठरू नये. कोण जिंकेल यापेक्षा कोण कोणाकडे नोकरीस आहे, हा प्रश्न अधिक रोचक ठरला आणि तो केवळ थेट प्रक्षेपणातच विचारता येत होता. चित्रण आधी झाले असते तर ती बातमी प्रक्षेपणापूर्वीच फुटली असती.

या यशाचे सारे श्रेय बिशॉफ यांच्या दूरदृष्टीला देणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. त्या रात्री टेनिसच्या अमेरिकन खुल्या स्पर्धेमुळे 'रॉ' प्रक्षेपितच झाला नव्हता. पहिल्या भागाला मैदान मोकळे मिळाले होते.

पुढे याच शस्त्राचा वापर वाढत गेला. आधी चित्रित झालेल्या 'रॉ'चे निकाल बिशॉफ थेट कार्यक्रमात जाहीर करू लागले. डिसेंबर १९९५ मध्ये अलुंड्रा ब्लेझ या महिला मल्लाने डब्ल्यूडब्ल्यूएफचा विजेतेपदाचा पट्टा 'नायट्रो'वर कचऱ्याच्या पिंपात टाकला. मल्लांना या चढाओढीत काही काळ चांगला मोबदला मिळाला, कारण त्यांना जाण्यासाठी दुसरे दार होते. मार्च २००१ मध्ये मॅकमहन यांच्या संस्थेने डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली आणि ते दार बंद झाले. २६ मार्च २००१ रोजी फ्लोरिडातील पनामा सिटी बीच येथे 'नायट्रो'चा अखेरचा भाग झाला. त्यातील शेवटची लढत फ्लेअर व स्टिंग यांचीच होती; या वेळी मात्र प्रवेशमार्गावर दुसऱ्या संस्थेतून येऊन उभे राहणारे कोणी उरले नव्हते.