गावची शाळा आणि पालकांपुढील वाटा : गोमंतकाच्या शतकभराचा मागोवा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्यासमोर पाटी घेऊन बसलेल्या मुलांपैकी मी एक आहे. पुढे याच शाळेत मी इतिहास शिकविला आणि येथूनच निवृत्त झालो. त्यामुळे आजच्या विषयाकडे मला त्रयस्थपणे पाहता येईल असा दावा मी करीत नाही. विषय साधा आहे. खेड्यात राहणाऱ्या कुटुंबाला आपले मूल कोणत्या शाळेत घालावे याची निवड खरोखर होती का, केव्हा होती आणि ती कोणाला होती? आमच्या अंत्रुज महालापुरते बोललो तरी हा प्रश्न साऱ्या ग्रामीण गोमंतकाला लागू पडतो.

इतिहासाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. पोर्तुगिजांनी १५१० साली तिसवाडी घेतली आणि पुढे बारदेश व सासष्टीवर अंमल बसविला. १६८४ साली लोकभाषेच्या वापरावर बंदी घालणारा हुकूम निघाला. अंत्रुज, डिचोली, सत्तरी, पेडणे, काणकोण हे प्रदेश मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या ताब्यात आले. तोपर्यंत धर्मांतराचा जोर ओसरला होता आणि या नव्या काबिजादीतील देवळे राहिली. देवळांबरोबर पोथी राहिली, कीर्तन राहिले आणि मराठी अक्षर राहिले. घरात आम्ही कोंकणी बोलत होतो. वाचायचे, लिहायचे आणि देवापुढे म्हणायचे ते मराठीत. ही दुहेरी रीत ध्यानात घेतल्याखेरीज आमच्या शाळांचा इतिहास उलगडत नाही, आणि पुढे झालेले भाषेचे वादही समजत नाहीत.

त्या काळी गावची शाळा म्हणजे शेणवी मामाची शाळा. एखाद्या घराच्या ओसरीवर मुले जमत. धूळपाटीवर अक्षर गिरवायचे, मोडी वाचायची, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ करायची आणि संध्याकाळी परवचा म्हणायचा. मामाला मिळे ते तांदूळ, नारळ आणि सणावाराचे धोतर. ही शाळा सरकारने काढलेली नव्हती आणि सरकारला तिच्याशी कर्तव्यही नव्हते.

विसाव्या शतकाच्या आरंभी या ओसरीवरच्या शाळेतून संस्था उभ्या राहू लागल्या. १९०८ साली पणजीत मुष्टिफंड संस्था स्थापन झाली. घरोघरी रोजच्या शिजवायच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढायची आणि त्यातून शाळा चालवायची, ही कल्पना तिच्या नावातच आहे. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले. १९११ च्या कायद्याने धर्मसत्ता आणि राजसत्ता वेगळ्या झाल्या आणि हिंदूंना नागरिक म्हणून बरोबरीचे स्थान मिळाले. त्याच वर्षी फोंड्यात दादा वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून गोवा विद्याप्रसारक मंडळ उभे राहिले. १९१९ साली मुंबईत गोवा हिंदु असोसिएशन स्थापन झाली आणि परमुलखात शिकणाऱ्या गोमंतकीय मुलांना तिचा आधार झाला. प्रजासत्ताकाने आम्हांला शाळा काढून दिल्या नाहीत. शाळा काढण्याची मोकळीक दिली. फरक मोठा आहे, परंतु मोकळीकही लहान गोष्ट नव्हे.

अशा रीतीने १९५० च्या सुमारास आमच्या गावातील पालकापुढे चार वाटा होत्या.

पहिली वाट पोर्तुगीज शाळेची. प्रिमैरो ग्राव, सेगुंद ग्राव, मग पणजीचे १८५४ पासूनचे लिसेव, आणि जमल्यास १८४२ साली स्थापन झालेले वैद्यकीय विद्यालय. सरकारी चाकरीचा हा राजमार्ग होता. पण तो मोठ्या गावांतून आणि शहरांतून जात होता. वाड्यावरच्या पोराला तो दुरून दिसे इतकेच.

दुसरी वाट मराठी शाळेची. ती जवळ होती आणि आपली वाटत होती. मात्र तिच्या शेवटी चाकरी नव्हती.

तिसरी वाट हद्दीपलीकडची. सावंतवाडी, बेळगाव, धारवाड, मुंबई. तेथे इंग्रजी होते, मॅट्रिक होते. त्यासाठी नातेवाइकाचे घर लागे किंवा पैसा लागे. माझे थोरले बंधू बेळगावला मामांकडे राहून शिकत होते. १९५५ साली सत्याग्रहानंतर हद्द बंद झाली, रेल्वे थांबली आणि येणेजाणे दुरापास्त झाले. बंधू घरी आले ते गोवा मुक्त झाल्यावर. आईने त्यांना ओळखले ते आवाजावरून. शिक्षणाच्या एका निवडीची किंमत आमच्या घराने अशी मोजली.

चौथी वाट सर्वांत रुंद होती. ती म्हणजे शाळेत न जाणे.

मी १९५३ साली गुरुजींच्या शाळेत गेलो. देवळाच्या अग्रशाळेतील दोन खोल्या, जमिनीवर अंथरलेली सुंभाची पट्टी आणि एकच फळा. गुरुजी मालवणकडचे. त्यांचे जेवण वारावर असे, सोमवारी आमच्याकडे. सालाझारच्या राजवटीत लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून मंजूर करून घ्यावी लागे, तेव्हा मराठी क्रमिक पुस्तकांवर नजर असणे स्वाभाविकच होते. तपासनीस येणार अशी कुणकुण लागली की गुरुजी पुस्तकाची काही पाने भाताच्या खळीने चिकटवून टाकीत. तो गेला की आम्ही ती वाफेवर धरून सोडवत असू. त्या पानांतले धडे आम्हांला सर्वांत चांगले पाठ होते.

येथपर्यंतचे चित्र अभिमानाचे आहे आणि अशा व्याख्यानांतून ते नेहमी रंगविले जाते. परंतु इतिहासाच्या शिक्षकाने अर्धे चित्र दाखवून थांबू नये. अग्रशाळा देवळाच्या आवारात होती. त्यामुळे ज्यांना आवारात प्रवेश नव्हता, त्यांना शाळेतही नव्हता. विहिरीपलीकडे, कुंपणाच्या कडेला एक मुलगा गुरे राखत उभा असे. आमचे पाढे ऐकून ऐकून त्याला ते आमच्याआधी पाठ झाले होते. गुरुजींनी प्रश्न विचारला आणि आम्ही गप्प राहिलो की कधी कधी कुंपणापलीकडून उत्तर येई. वर्गात हशा पिके. गुरुजी हसत नसत.

आणि आणखी एक गोष्ट. शाळेसाठी गावात मुष्टीचे तांदूळ गोळा होत, ते त्या मुलाच्या घरूनही येत. ज्या घराच्या मुलाला शाळेत बसता येत नव्हते, त्या घराची मूठ शाळेला चालत होती. आम्ही ज्याला लोकांची शाळा म्हणत होतो, तिच्यातले लोक कोण, हा प्रश्न आमच्यापैकी कोणी विचारला नाही.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. डिसेंबर १९६३ मध्ये दयानंद बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले आणि १९७३ साली त्यांचे निधन झाले तेव्हाही ते त्याच पदावर होते. त्यांच्या कारकिर्दीत सरकारी प्राथमिक शाळा वाड्यावाड्यांवर पोहोचल्या. कोठे देवळाचा मांडव, कोठे कोणाची पडवी. इमारतीची वाट पाहत कोणी बसले नाही. शिक्षक त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातून आणि बेळगावकडून आले. कुंपणापलीकडच्या मुलाचे वय तोपर्यंत निघून गेले होते. त्याची धाकटी बहीण मात्र सरकारी शाळेत दाखल झाली. तिची मुलगी पुढे याच शाळेत माझी सहशिक्षिका होती.

गुरुजींनीही अग्रशाळा सोडली आणि रस्त्याकडेला, आज आपण बसलो आहोत त्या जागी, झावळ्यांचा मांडव घातला. त्या दिवशी ते एवढेच म्हणाले, "हे मी आधी करायला हवे होते." जे काम लोकांच्या संस्थेला अर्ध्या शतकात जमले नाही, ते सरकारी शाळेने दहा वर्षांत केले, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

त्यानंतर आला अनुदानाचा काळ. खाजगी संस्थेने शाळा चालवावी आणि सरकारने तिला अनुदान द्यावे ही पद्धत ब्रिटिश हिंदुस्थानात १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून रुजली होती. आमच्याकडे तिचा खरा लाभ मुक्तीनंतर मिळाला. शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून येऊ लागले आणि मुष्टी बंद झाली. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९९१ साली चार्टर शाळांचा कायदा केला, त्याचे कौतुक आपल्याकडेही ऐकू येते. पैसा सरकारचा, कारभार संस्थेचा, हे त्यातले सूत्र आपल्याला नवे नाही. नवे आहे ते दुसरे अंग : ठरलेल्या मुदतीचा करार असतो, आणि शाळेने कबूल केलेले काम केले नाही तर तो करार संपतो. आपल्याकडे अनुदान एकदा सुरू झाले की जाब विचारणारा निरीक्षक येतो. पालक येत नाही. मुष्टीच्या काळात तांदूळ देणारी बाई दारातच विचारत असे, "गुरुजी, आमचा पोर वाचायला लागला का?" तो प्रश्न मुष्टीबरोबर गेला.

पुढे वाद शाळेच्या भाषेवर आला. १६ जानेवारी १९६७ च्या सार्वमतात गोव्याने वेगळे राहण्याचा कौल दिला. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा कायदा झाला. कोंकणी राजभाषा ठरली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात वापराची मुभा राहिली. १९९० साली शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना कोंकणी-मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण आले. २०११ साली ते बदलून इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि त्यावरून मोठे आंदोलन पेटले. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्या प्रकरणात निकाल दिला की, प्राथमिक शिक्षणात मातृभाषेची सक्ती राज्याला करता येणार नाही. मातृभाषेतून आरंभ करावा असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते. निवड मात्र पालकाची.

या पालकांत मी स्वतःही आहे. १९८४ साली मी या शाळेत मराठीतून इतिहास शिकवीत होतो आणि माझ्या मुलाला शहरातील इंग्रजी शाळेत घातले होते. गावात त्याची चर्चा झाली. गुरुजी तेव्हा थकले होते. त्यांना सांगायला गेलो तेव्हा मातृभाषेवर ते काही बोलतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी विचारले, "पोर घरी किती वाजता येतो?" मी सांगितले, सकाळी सातची बस आणि परत यायला तीन वाजतात. ते म्हणाले, "सहा वर्षांचा आहे." बस्स, इतकेच. मला त्या वेळी तो प्रश्न अप्रस्तुत वाटला होता.

आज तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची साक्षरता ८८.७० टक्के होती. चौथी रुंद वाट जवळजवळ बुजली, ही शतकाची कमाई आहे. परंतु वाड्यावरच्या सरकारी शाळा पटसंख्येअभावी एकेक करून बंद होत आहेत किंवा दुसऱ्या शाळेत विलीन होत आहेत. ज्याच्या दारात गाडी येते त्याला चार शाळांतून निवड आहे. ज्याच्या दारात गाडी येत नाही, त्याची एकुलती जवळची शाळा इतरांच्या निवडीमुळे बंद पडते. माझ्या मुलाच्या नावाने आमच्या वर्गाचा पट एकाने कमी झाला होता. मी त्या वेळी तो हिशेब मांडला नाही.

आपल्या संस्थेपुढेही प्राथमिक विभाग चालू ठेवावा की शहरातील विभागात मिसळावा, हा प्रश्न आहे. निर्णय विश्वस्तांनी घ्यायचा आहे आणि व्याख्यात्याने त्यात ढवळाढवळ करू नये. तरी माजी विद्यार्थी म्हणून एक विनंती करतो. ठराव करण्याआधी पुन्हा एकदा घरोघरी जावे, जसे गुरुजी मुष्टीसाठी जात. या वेळी तांदूळ मागू नयेत, कारणे विचारावीत. मूल कोठे जाते, किती वाजता निघते, फी किती पडते, काय मिळाले असते तर ते येथे राहिले असते, हे लिहून घ्यावे. लोकांना इंग्रजी हवे असेल तर ते उत्तम रीतीने येथे शिकविता येईल का, बालरथ कोणत्या वाड्यापर्यंत जात नाही, याचाही विचार व्हावा. आणि ज्या घरांतून पूर्वी मूठ घेतली पण मूल घेतले नाही, त्या घरांपासून आरंभ करावा. त्यांचे आपण देणे लागतो.

 गुरुजींच्या स्मृतीस अभिवादन करून थांबतो.