उघडी मोटार आणि काळी जमीन

मोटारीच्या लांब प्रवासाचा इतिहास आजवर बहुधा गाडीत बसलेल्या माणसानेच लिहिला आहे. टप मागे सारलेला, डोळ्यांवर धुळीचा चष्मा, अंगात पायघोळ कोट आणि पुढे शेकडो मैलांची वाट, असे त्यातील ठरलेले चित्र. या चित्रात रस्ता गृहीत धरलेला असतो आणि रस्त्याकाठचे गाव तर धुळीच्या लोटामागे दिसेनासे झालेले असते. तीच कथा आज आम्ही दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात वसलेल्या बोरी अरब या गावाकडून पाहू इच्छितो. मोटारींच्या इतिहासात या गावाचे नाव नाही. परंतु ज्या मुलखात हे गाव आहे, त्या मुलखावाचून तो इतिहास अपुरा राहतो, असे आमचे मत आहे.

महाराष्ट्रातील अशा प्रवासांपैकी सर्वांत गाजलेला प्रवास 1908 सालचा. त्या वर्षी मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची कसोटी झाली. 620 मैलांची मजल आणि वाटेत सह्याद्रीचे सहा घाट. रोल्स-रॉइस कंपनीची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ ही गाडी या कसोटीत यशस्वी झाली आणि पुढे ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी ती विकत घेतली. शिंद्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेड. पूर्वजांनी जो मुलूख घोड्यावरून तुडविला, त्याच मुलखात नावलौकिक मिळविलेली गाडी वंशजाच्या दारी गेली, हा योग मोठा मौजेचा खरा.

पण या विजयात यंत्राचा वाटा किती आणि रस्त्याचा किती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. घाटातील चढ कितीही अवघड असला, तरी त्याच्या पोटात खडक असतो. चाकाला तो आधार पुरेसा असतो. वऱ्हाडातील गोष्ट निराळी. तेथील सपाट रान दिसावयास सोपे, परंतु ती काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात सुकून हातहात भेगाळते. तिच्यावर टाकलेले दगड एका पावसाळ्यात खाली बसतात, आणि दुसऱ्या पावसाळ्यात रस्ता कोणता व वावर कोणते हे ओळखणे कठीण होते. बोरी अरबच्या अडाण नदीसारख्या नद्या व नाले चढले, की वाट तुटावयाची ती वेगळीच. ज्या जमिनीने कापूस दिला, तिनेच रस्ता नाकारला.

या कापसाचे मोल जगास 1861 ते 1865 या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वर्षांत कळून आले. अमेरिकेचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी आमच्या रानाकडे तोंड वळविले. वऱ्हाडची बंडी सरकी काढावयास व गाठी बांधावयास कापूस घेऊन निघाली, ती पुढे कित्येक पिढ्या चालतच राहिली. रोल्स-रॉइसचा पहिला कारखानाही मँचेस्टरचाच, आणि मूर्तिजापूर-यवतमाळ या 113 किलोमीटरांच्या अरुंद मार्गावर ‘शकुंतले’स ओढणारे वाफेचे इंजिनही 1921 साली त्याच शहरी तयार झालेले. कापसाच्या बाजारपेठेतून यंत्रे आली. मात्र कापसाच्या बंडीसाठी रस्ता तेथून येणार नव्हता.

उलट, रस्ता बिघडविल्याचा आरोप बंडीवरच आला. तिच्या चाकाची लोखंडी धाव खडी भरडते, हे खरेच आहे. परंतु त्या भरडलेल्या खडीची भुकटी पाणी मारून दाबली, की तीच रस्त्यास बांधून ठेवी. भरधाव मोटारीचे रबरी चाक ही भुकटी शोषून उधळून देई आणि खडी सुटी पडे. युरोपातही हेच झाले आणि म्हणून तेथे 1902 च्या सुमारास डांबराचे प्रयोग सुरू झाले. एक रस्ता भरडणार आणि दुसरी तो उधळणार, असा हा दोघांचा संयुक्त गुन्हा असताना, शिक्षा मात्र शेतकऱ्याच्या बंडीसच सुनवावी, हे आम्हांस न्यायाचे वाटत नाही.

या भांडणात पहिला विचारी तोडगा एका मराठी माणसाच्या अध्यक्षतेखाली निघाला. मुकुंदराव जयकर यांची रस्ते-सुधारणा समिती 1927 साली नेमली गेली आणि पुढील वर्षी तिचा अहवाल आला. रस्ते हे केवळ प्रांतांच्या वा स्थानिक मंडळांच्या ऐपतीचे काम नाही, त्यांत मध्यवर्ती सरकारने हात घातला पाहिजे, असे तिने बजावले. त्यानुसार 1929 मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि रस्त्यांचा स्वतंत्र निधी उभा राहिला. उघड्या मोटारीतून हिंडणाऱ्या शौकिनाने नकळत खेड्याच्या रस्त्यासाठी वर्गणी भरावी, यात काही काव्यगत न्याय होता. तो पूर्णपणे अमलात आला असता, तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते.

डिसेंबर 1943 मध्ये देशातील मुख्य अभियंते नागपुरास जमले. त्यांनी वीस वर्षांची जी योजना आखली, तिच्यात शेतीच्या सुधारलेल्या प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, असे ठरले. लांबीचे उद्दिष्ट तर मुदतीआधीच, 1961 पर्यंत, गाठले गेले. परंतु मैल मोजणे निराळे आणि बारमाही वाट मिळणे निराळे. म्हणूनच 25 डिसेंबर 2000 रोजी खेड्यांच्या बारमाही रस्त्यांसाठी पंतप्रधानांच्या नावे आणखी एक योजना काढावी लागली.

आज जुन्या गाड्यांचा शौक पुन्हा बहरला आहे. 2023 साली अहमदाबादच्या एका कुटुंबाने 1950 सालची उघडी एम. जी. गाडी थेट इंग्लंडपर्यंत नेली. अशा साहसाचे आम्हांस कौतुकच आहे. इकडे ‘शकुंतले’चे वाफेचे इंजिन 1994 साली निवृत्त झाले आणि पुढे ती गाडीही बंद पडली. ज्या कारंज्यास ती थांबे, त्याच कारंज्याजवळून मुंबई-नागपूर हा 701 किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग जातो. 5 जून 2025 रोजी तो संपूर्ण खुला झाला. काळ्या जमिनीवर अखेर न खचणारा रस्ता बांधता आला, ही अभियंत्यांची करामत मानावीच लागेल. त्या रस्त्यावर बैलगाडीस मज्जाव आहे, दुचाकीसही. बोरी अरबच्या शिवारातील कापूस घरापर्यंत येतो तो पांधणीने, आणि अशा पांधणी बांधण्यासाठी राज्य सरकारची मातोश्री ग्रामसमृद्धी योजना निघाली ती 2021 साली, म्हणजे जयकरांच्या अहवालानंतर 93 वर्षांनी.