नांगर, काच आणि माग : आधाराचा एक छोटा इतिहास

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण मराठी समाजाने तोंडी जपली आणि व्यवहारात नेमकी उलटी केली, असे नेहमी म्हटले जाते. त्याला जोडून ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ हा निर्वाळाही येतो. आमच्या मते या वाक्यात एक मोठी वैचारिक सोय दडलेली आहे. उद्योग हा व्यक्तीच्या स्वभावाचा गुण आहे असे एकदा मानले की त्या व्यक्तीभोवती कोणती संस्था, कोणती पत, कोणते राज्य उभे होते हे विचारण्याची गरजच उरत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत दक्षिण महाराष्ट्रात आणि पुण्याच्या परिसरात जे लहान उद्योग उभे राहिले, त्यांच्याकडे पाहिले की स्वभावापेक्षा हाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो. लहान उद्योगाला आधार म्हणून नेमके काय द्यावे लागते?

या प्रश्नाची तात्त्विक मांडणी न्यायमूर्ती रानडे यांनी आधीच केली होती. १८९० साली पुण्यात भरलेली औद्योगिक परिषद आणि १८९२ साली डेक्कन कॉलेजात झालेले त्यांचे अर्थशास्त्रविषयक व्याख्यान यांत एक सूत्र समान आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले खुल्या स्पर्धेचे शास्त्र भारतासारख्या देशाला जसेच्या तसे लागू पडत नाही. जिथे भांडवल भित्रे, पत विस्कळीत आणि कसब जातीपातीत कोंडलेले, तिथे शासनाने तटस्थ राहणे म्हणजे बलवानाची बाजू घेणेच होय. कर्जव्यवस्थेच्या पुनर्रचनेवर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला तो याच कारणाने. रानड्यांनी केलेली मागणी दयेची नव्हती. शासनाने आपले कर्तव्य ओळखावे, एवढीच ती होती.

परकीय सरकारने ते ओळखले नाही, याचा ठसठशीत पुरावा १९१० सालचा आहे. मद्रास इलाख्यात आल्फ्रेड चॅटर्टन यांच्या देखरेखीखाली सरकारने ॲल्युमिनियमची भांडी आणि क्रोम पद्धतीने कमावलेले चामडे यांचे प्रयोग चालवले होते. ते बऱ्यापैकी यशस्वीही झाले होते. सरकारने अशा उद्योगांत पडू नये, औद्योगिक शिक्षणापुरतेच राहावे, असा निर्णय भारतमंत्री लॉर्ड मोर्ले यांनी त्या वर्षी दिला. धोरणाच्या इतिहासात हा निर्णय वारंवार उल्लेखला जातो. त्याच वर्षी इकडे एका चिमुकल्या संस्थानात नेमकी उलट गोष्ट घडत होती, तिचा उल्लेख मात्र बहुधा चरित्रग्रंथांतच सापडतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावला आले होते. सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३च्या सुमारास लोखंडी नांगर असा त्यांचा प्रवास आहे. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत असल्याने पहिले नांगर दीर्घकाळ विक्रीविना पडून राहिले. पुढे नगरपालिकेला विस्तारासाठी कारखान्याची जागा हवी झाली आणि बस्तान हलवण्याची पाळी आली. या प्रसंगी औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या हद्दीत जागा देऊ केली आणि कर्जही दिले. १९१० साली कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसू लागली.

औंध म्हणजे बहात्तर गावांचे, तेही तुकड्यातुकड्यांत विखुरलेले संस्थान. त्याची तिजोरी कोणत्याही मापाने लहानच होती. तरीही त्याने दिलेला आधार फलद्रूप झाला, कारण तो पैशापुरता नव्हता. कारखान्याला हवी होती सलग जमीन, मालाच्या ने-आणीसाठी रेल्वे, उद्या कोणी उठवणार नाही याची शाश्वती आणि नांगराला गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबण्याची तयारी असलेला धनको. पैकी रेल्वे आधीपासून होती. उरलेल्या तीन गोष्टी संस्थानने दिल्या. त्यांत आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती शेवटची, म्हणजे कर्ज देणाऱ्याचा धीर. लहान उद्योग बुडतात ते पुष्कळदा तोट्यामुळे नव्हे. माल तयार होणे आणि पैसा हाती येणे यांच्यामधल्या काळात ते बुडतात. काही वर्षांनी, १९१६ साली, कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी काचकारखाना काढला तोही याच संस्थानच्या आश्रयाने. त्यांच्या ‘प्रभाकर’ कंदिलाने पुढे खेडोपाडीची घरे उजळली.

काचेचा उल्लेख आला की तळेगाव दाभाड्याकडे वळणे ओघानेच येते, कारण तिथे आधाराचे दुसरे रूप दिसते. तिथे राजा नव्हता, असंख्य लोक होते. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभारावा, अशी कल्पना अंताजी दामोदर काळे यांनी मांडली आणि ते स्वतः गावोगाव फिरले. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून तिला बळ दिले. या पैसाफंडातून १९०८ साली तळेगावला काचकारखाना सुरू झाला. त्या काळी बांगड्यांपासून दिव्याच्या चिमण्यांपर्यंत काचसामान परदेशांतून येई. भारतात आधी निघालेले काही कारखाने बंद पडले होते, आणि त्याचे एक प्रमुख कारण म्हणजे भट्टीपाशी उभे राहणारे कसबी हात परदेशी होते. ते महागडे होते आणि आपली विद्या सहसा देत नसत.

पैसाफंडाचे वेगळेपण या ठिकाणी आहे. जपान व अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या मार्गदर्शनाखाली तळेगावचा कारखाना काचविद्येची शाळाही झाला. तिथे तयार झालेले कारागीर देशातील इतर काचकारखान्यांत गेले आणि त्यांतील कित्येक कारखाने त्यांच्याच बळावर चालले. ताळेबंदाच्या दृष्टीने पाहिले तर आपण शिकवलेला माणूस दुसऱ्याकडे जाणे हा तोटाच. समाजाच्या दृष्टीने मात्र तोच खरा नफा होता. एका कारखान्यात किती जण कामाला लागले हे मोजणे सोपे असते. त्या कामातून किती जण दुसरीकडे काम उभे करण्यास समर्थ झाले, ही मोजणी अवघड आणि अधिक अर्थपूर्ण आहे. पैशापैशाने जमलेल्या निधीवर कोणा एकाची मालकी नव्हती, म्हणूनच कदाचित हे औदार्य त्याला परवडले.

तिसरे उदाहरण इचलकरंजीचे. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला आणि जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी त्यांना उत्तेजन दिले. इथे एका मोठ्या कारखान्याभोवती वसाहत झाली नाही. चार माग, आठ माग अशा छपऱ्यांतून गाव विणकरांचे झाले आणि पुढे ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणून ओळखले गेले. मालकी अनेकांत वाटली गेली, हे या वाढीचे बलस्थान होय. तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे आणि माग तेवढा आपला, अशा अवस्थेत मजुरीवर विणून देणाऱ्यांचा ‘खर्चीवाला’ नावाचा एक मोठा वर्ग तिथे निर्माण झाला. कागदोपत्री तो उद्योजक असतो. भाव ठरवण्याची वेळ आली की तो मजुरासारखाच असतो, आणि त्याच्या मागावर राबणारा कामगार त्याहून एक पायरी खाली. आधार यंत्र घेण्यापुरता मिळाला आणि बाजारात उभे राहण्यासाठी मिळाला नाही, की स्वामित्व कसे पोकळ होते याचे हे उदाहरण आहे.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला या इतिहासाशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे एक उत्तर ‘किर्लोस्कर’ मासिकाच्या जन्मातच आहे. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी काढलेली ‘किर्लोस्कर खबर’ ही मुळात कारखान्याची वार्तापत्रिका होती. माल आणि गिऱ्हाईक यांना जोडणे हे तिचे काम. तिच्यातूनच ‘किर्लोस्कर’ मासिक घडले आणि १९३० साली ‘स्त्री’, १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे आली. मराठी मध्यमवर्गाच्या वाचनाला आणि सुधारणावादी विचाराला वळण देणारी ही मासिके नांगराच्या ओतशाळेशेजारी वाढली. लहान उद्योगाला स्वतःचा वाचक घडवावा लागला, आणि त्या गरजेतून भाषेला एक व्यासपीठ मिळाले.

दुसरे उत्तर जरा अस्वस्थ करणारे आहे. या उद्योगांविषयीचे आपले मराठी लेखन प्रामुख्याने चरित्र, आत्मचरित्र आणि गौरवग्रंथ या प्रकारांत आहे. शंकररावांनी लिहिलेले लक्ष्मणरावांचे चरित्र ‘यांत्रिकाची यात्रा’ हा त्यातला वाचनीय ग्रंथ. पण यात्रा एकाची असते आणि पालखी उचलणारे अनेक असतात. मुंबईच्या गिरणी कामगाराला मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ ही कादंबरी लाभली, पुढे अण्णा भाऊ साठे आणि नारायण सुर्वे लाभले. काचेची फुंकनळी धरणारा, साच्यात लोखंड ओतणारा आणि रात्रपाळीत माग चालवणारा लहान गावचा कामगार मात्र आपल्या साहित्यात त्या मानाने फारच थोडा दिसतो. रोजगार हा शब्द आकड्यांत अडकून राहतो त्याला अर्थशास्त्रज्ञांइतकेच आपणही जबाबदार आहोत.

स्वातंत्र्यानंतर आधाराची यंत्रणा विस्तारली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, २००६ साली सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी स्वतंत्र कायदा झाला, २०१५ साली मुद्रा योजना सुरू झाली. तिच्यातील ‘शिशु’ गटात पन्नास हजार रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाविना मिळते. औंधच्या तिजोरीशी या साधनांची तुलनाच होऊ शकत नाही, आणि जुन्या राजाच्या मर्जीपेक्षा नागरिकाचा हक्क केव्हाही श्रेयस्कर. तरीही वाटलेल्या कर्जांची संख्या हेच जेव्हा यशाचे माप ठरते, तेव्हा तीन जुने प्रश्न विचारावेसे वाटतात. माल खपेपर्यंत थांबण्याचा औंधचा धीर या कर्जात आहे काय? तळेगावसारखी विद्या त्यासोबत मिळते काय? आणि इचलकरंजीच्या खर्चीवाल्याला जी कधी मिळाली नाही, ती भाव ठरवण्याची ताकद त्यातून येते काय? पदवी हाती घेऊन दरवर्षी आमच्या वर्गांतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना ‘नोकरी शोधू नका, उद्योग करा’ असे सांगण्याचा अधिकार या प्रश्नांची उत्तरे देणाऱ्यालाच आहे.