घारापुरी

मुंबई बंदरातील लेण्यांचे बेट. तालुका उरण, जिल्हा रायगड. गेटवे ऑफ इंडियापासून सुमारे 10 किमी. कल्याणकरांसाठी लोकलने मुंबई आणि पुढे तासाभराची लाँच. (सोमवारी लेणी बंद असतात, शाळेची सहल ठरवताना नेमके हेच विसरले जाते.)

शेतबंदर, मोराबंदर व राजबंदर ही येथील तीन गावे. समुद्राखालील केबलने वीज पोहोचली ती 2018 मध्ये. आज आडबाजूला पडलेले हे बेट प्राचीन काळी मात्र सोपारा, कल्याण, चौल या गजबजलेल्या बंदरांच्या पट्ट्यात होते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याण ‘कल्लिएना’ म्हणून येते. घारापुरीच्या पूर्व टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. बहुतेक पर्यटक तिकडे फिरकत नाहीत.

सात लेण्यांपैकी पाच शैव, दोन बौद्ध. मुख्य लेणे साधारण सहाव्या शतकाच्या मध्याचे मानतात. बेटावर मिळालेल्या नाण्यांवरून काही अभ्यासक ते कलचुरी कृष्णराजाच्या काळातले समजतात.

अक्षरओळख नसलेल्या मुलालाही हे लेणे चित्रपुस्तकासारखे वाचता येते. उत्तरेच्या दारातून शिरताना डावीकडे ध्यानस्थ योगीश्वर, उजवीकडे नाचणारा नटराज. आत कुठे रावण कैलास हलवतो, कुठे गंगा शिवाच्या जटेत उतरते, तर कुठे पार्वती लाजत लग्नाला उभी आहे. समोरच्या भिंतीवरील भव्य त्रिमुख शिल्पाला सर्रास ‘त्रिमूर्ती’ म्हणतात. पण तेथे ब्रह्मा-विष्णू नाहीत. तो सदाशिव आहे. डावीकडचा मिशीवाला चेहरा उग्र, उजवीकडचा कमळ धरलेला कोमल, मधला शांत. मुलांना हे रागावलेले, हसरे आणि गप्प तोंड एवढ्यावर चटकन कळते. मोठ्यांना फलक वाचावा लागतो.

या पुस्तकाचे पहिले पानच हरवले आहे. येथील शिलालेख पोर्तुगीजांनी पोर्तुगालला नेला, तेथे तो नाहीसा झाला. राजबंदरजवळच्या ज्या दगडी हत्तीवरून त्यांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले, तो 1864 मध्ये इंग्लंडला हलवताना कोसळून फुटला. तुकडे जोडून उभा केलेला तो हत्ती आज भायखळ्याला, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. 1987 पासून लेणी जागतिक वारसा यादीत आहेत.