उन्हाळ्यातील घरसजावट आणि आपला तिरंगा

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मीही काही लिहावे असा आग्रह झाला, तेव्हा मला संकोच वाटला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण चैत्रातील बैठकीत झालेली चर्चा आपणा सर्वांच्या लक्षात असेलच. आखाजी आणि महाराष्ट्र दिन जवळ आले होते, आणि या दिवसांत घर थोडे देशाच्या आठवणीने सजवावे असे ठरत होते. एका भगिनीने बाजारातून तिरंगी छपाईचे कापड आणले होते. त्यावर मधोमध अशोकचक्रही होते. त्याचे टेबलावर घालायचे कापड आणि उशांचे अभ्रे शिवावेत, असे तिचे म्हणणे. तिचा हेतू चांगलाच होता. पण एक वयस्कर बाई म्हणाल्या, "ज्या झेंड्यापायी आपल्या गावची पोरं गेली, त्यावर डोकं ठेवून झोपायचं का गं?" बैठक गप्प झाली. दोन मते पडली आणि निर्णय राहून गेला. त्या दिवसापासून मी वाचनालयातून पुस्तके आणून जमेल तसे वाचले. त्यातून जे कळले ते आपल्यापुढे ठेवते, म्हणजे निर्णय करणे सोपे जाईल.

खानदेशात उन्हाळ्यात घर सजवण्याची रीत जुनीच आहे. होळी झाली की घरात आवराआवर सुरू होते. भिंतींना चुन्याचा हात फिरतो, ओट्याला शेण-मातीचे सारवण होते, कडेने गेरूची रेघ ओढली जाते. आखाजीला सासरच्या लेकी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला झोका बांधला जातो, गौराई बसते. पितरांच्या नावाने घागर भरतात, तिच्यावर डांगर ठेवतात, जवळ आंबे मांडतात. दाराला आंब्याच्या पानांचे तोरण असते. हे सारे घरच्या बाईच्या हातचे असते, आणि त्याला पैसा फारसा लागत नाही. २०२५ साली तर आखाजी ३० एप्रिलला आली आणि लगेच दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन होता. एकाच तोरणात दोन्ही सण साजरे झाले.

आता या घरसजावटीत देश कधी आला? पूर्वी भिंतीवर देवांच्या तसबिरी असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजा रविवर्मा यांनी छापखाना काढला आणि छापील रंगीत चित्रे साध्या घरांतही पोहोचू लागली. १९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीची चळवळ उठली. त्याच सुमारास अवनींद्रनाथ ठाकूर यांनी भारतमातेचे चित्र काढले. पुढे देवांच्या रांगेत लोकमान्य टिळक आणि महात्मा गांधी यांच्याही तसबिरी लागल्या. मग कोनाड्यात टकळी आली, ओसरीवर चरखा आला. विलायती कापडाची होळी झाली तेव्हा पेटीतले आवडते लुगडे बाहेर काढून देणे बायकांनाच करावे लागले. घरात काय ठेवायचे आणि काय काढून टाकायचे, हे ठरवण्यातच त्यांचे देशकार्य होते.

झेंड्याची गोष्ट अशी. १९०७ साली जर्मनीतील स्टुटगार्ट येथे मादाम भिकाजी कामा यांनी परदेशी लोकांसमोर हिंदुस्थानचा झेंडा फडकवला. तो आजच्यासारखा नव्हता, पण तो एका बाईच्या हाती होता हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९२१ साली बेझवाडा म्हणजे आजच्या विजयवाडा येथे पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींना झेंड्याचा नमुना दाखवला. पुढे त्यात पांढरा पट्टा आणि चरखा आला. १९३१ साली काँग्रेसने केशरी, पांढरा आणि हिरवा असे पट्टे ठरवले. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने चरख्याच्या जागी चोवीस आऱ्यांचे अशोकचक्र घेऊन तो राष्ट्रध्वज म्हणून स्वीकारला.

मधल्या वर्षांत झेंडा ही शोभेची वस्तू नव्हती. १ मे १९२३ रोजी नागपूरला झेंडा सत्याग्रह सुरू झाला. त्याआधी त्याच वर्षी जबलपूरला झेंड्यावरून वाद पेटला होता. नागपुरात साहेबांची वस्ती असलेल्या सिव्हिल लाइन्समध्ये झेंड्याची मिरवणूक नेण्यास सरकारने बंदी केली होती. भर उन्हाळ्यात रोज थोडे थोडे स्वयंसेवक झेंडा घेऊन निघत आणि पकडले जात. जमनालाल बजाज यांना अटक झाली, पुढे वल्लभभाई पटेल यांनी सूत्रे हाती घेतली. ऑगस्टपर्यंत हजारावर माणसे तुरुंगात गेली. १ मे हा दिवस आपण १९६० पासून महाराष्ट्र दिन म्हणून पाळतो. त्याच तारखेला आपल्याच राज्यातील एका शहरात झेंड्यासाठी तुरुंग भरू लागले होते, हे मुलांना सांगायला हवे. पुढे २६ जानेवारी १९३० हा पूर्ण स्वराज्याचा दिवस म्हणून देशभर पाळला गेला, ठिकठिकाणी झेंडे लागले. त्या काळी आपल्या दारावर झेंडा लावणे म्हणजे घरच्या कर्त्या पुरुषाला तुरुंगात पाठवण्याची तयारी ठेवणे होते.

सजावटीचा विषय आहे म्हणून आपल्या खानदेशची एक गोष्ट अभिमानाने सांगते. डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशात फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते, आणि तयारीसाठी साने गुरुजी गावोगाव फिरले होते. अधिवेशनासाठी उभारलेल्या टिळकनगरची सजावट शांतिनिकेतनचे मोठे चित्रकार नंदलाल बोस यांच्याकडे गांधीजींनी सोपवली. अट एकच होती. खेड्यात जे मिळते त्यातूनच सजवायचे. मग बांबू, गवत, चटया अशा साध्या जिनसांतून कमानी आणि मंडप उभे राहिले. गांधीजींनी त्या कामाचे तोंडभरून कौतुक केले.

त्यानंतर फेब्रुवारी १९३८ मध्ये अधिवेशन हरिपुऱ्याला झाले. हे गाव बारडोली तालुक्यात, आपल्याच तापीच्या काठी, खालच्या अंगाला आहे. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. तेथेही नंदलाल बोस यांनीच चित्रे काढली. त्या चित्रांत राजे-महाराजे नव्हते. सूत कातणारी बाई, ढोल वाजवणारा, कष्टकरी, कारागीर, मुलाला घेतलेली आई अशी साधी माणसे मातीच्या रंगांत रंगवली होती. भगिनींनो, मला यातला अर्थ असा वाटतो की देशाची सजावट करायची तर देशातली माणसे आणि देशातल्या वस्तू दिसल्या पाहिजेत.

आणि मग आपल्या नंदुरबारचा १९४२ चा दिवस. मुंबईत ऑगस्टमध्ये चले जावचा ठराव झाला आणि बरोबर महिन्याने, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, नंदुरबारच्या रस्त्यावर मुलांची मिरवणूक निघाली. शिरीषकुमार मेहता याच्या हातात तिरंगा होता. वय पंधरा वर्षांचे. पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा असे पाच जण हुतात्मा झाले. नावे पाहा. कोणाच्या घरी गुजराती बोलत, कोणाच्या घरी मराठी. पण झेंडा एकच होता. त्यांच्या स्मारकावरून आपण रोज भाजी घेऊन जातो. मुले सकाळी घरून निघाली तेव्हा त्यांच्या आयांनी त्यांना काही खाऊ घातले असेल, लवकर ये असे म्हटले असेल. आपणही आया आहोत, म्हणून हे लिहिताना हात थांबतो. बैठकीतील त्या वयस्कर बाईंच्या शब्दांमागे हे सारे होते.

पुढे १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री दिल्लीत घटना समितीची सभा भरली. त्या सभेत भारतातील स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज अर्पण केला तो हंसाबेन मेहता यांनी. त्या मूळच्या सुरतच्या. आपल्या स्टेशनावरून जी गाडी नवापूरमार्गे सुरतेला जाते, त्याच वाटेवरचे हे शहर. स्वतंत्र देशाच्या त्या सभागृहावर लागणारा पहिला झेंडा स्त्रियांनी भेट दिलेला असावा हे योग्यच आहे, असे त्यांनी सांगितले. तेव्हा झेंडा कसा वागवावा हे सांगण्याचा अधिकार आपणा बायकांना आहे, आणि तो जपण्याची जबाबदारीही आहे.

आता कायद्याचे पाहू. पूर्वी सामान्य माणसाला काही ठराविक दिवशीच घरावर झेंडा लावता येई. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि कोणालाही वर्षभर मानाने झेंडा लावण्याची मोकळीक मिळाली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयानेही हा नागरिकाचा हक्क मानला. २०२१ च्या अखेरीस यंत्रावर विणलेल्या आणि पॉलिस्टरच्या झेंड्यालाही परवानगी मिळाली. आधी सूर्यास्ताला झेंडा उतरवावा लागे, २०२२ पासून घरावर तो रात्रीही ठेवता येतो. त्याच वर्षी स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवात घरोघरी झेंडे लागले, ते आपण पाहिलेच.

मोकळीक असली तरी मर्यादा आहेत. झेंड्याची लांबी आणि रुंदी ३ : २ या प्रमाणात हवी. केशरी पट्टा वर हवा. फाटका किंवा मळका झेंडा लावू नये. तो जमिनीला टेकू नये. त्याचे तोरण, पताका किंवा शोभेची फुले करू नयेत. टेबलावर अंथरू नये, उशीवर, रुमालावर छापू नये किंवा भरतकाम करून काढू नये. कागदी झेंडे रस्त्यावर टाकू नयेत. झेंडा जीर्ण झाला तर तो एकांतात, मानाने, शक्यतो जाळून संपूर्ण नष्ट करावा. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला १९७१ च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे आपल्या बैठकीतील प्रश्नाचे उत्तर मिळाले. चक्र छापलेल्या त्या कापडाचे अभ्रे शिवू नयेत. त्यात आणणाऱ्या भगिनीचा दोष काहीच नाही. असे कापड दुकानात उघड मिळते, मग घेणाऱ्याला कसे कळावे?

मग घर सजवावे तरी कसे? मला सुचते ते सांगते. झेंडा लावायचा तर एकच लावावा, उंच आणि नीट. बाकी सजावट रंगांची करावी. झेंडूचा केशरी, जाई-मोगऱ्याचा पांढरा, आंब्याच्या पानांचा हिरवा, असे तोरण आपल्या दारी सहज होते. रांगोळीत चरखा काढावा, कणीस काढावे. चक्रासह पूर्ण झेंडा मात्र पाय पडेल तेथे काढू नये. खिडकीला खादीचा पांढरा पडदा लावला तर ऊनही अडते. दुपारी वाळ्याचा पडदा भिजवून सोडला तर खोली गार राहते आणि सुवासही येतो. प्लॅस्टिकच्या फुलांना जितके पैसे जातात तितक्यात बाजाराच्या दिवशी सातपुड्यातून आलेल्या बायांकडून बांबूची टोपली, सूप घेता येते. त्यांच्या पदरी चार पैसे पडतात, आपल्या भिंतीला शोभा येते. फैजपूरला हेच तर केले होते. मुलांच्या अभ्यासाच्या जागी आपल्या पाच हुतात्म्यांची नावे सुंदर अक्षरात लिहून लावावीत. पाहुण्याने विचारले तर मुलाने सांगावे. ज्या घरातील मूल ही नावे न अडखळता सांगेल, ते घर सजलेच म्हणायचे.

शेवटी एकच सुचवते. आखाजीला आपण पाण्याची घागर दान देतो. १९९८ साली आपला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, सोयी वाढल्या, तरी उन्हाळ्यात डोंगरपट्ट्यातून बाजाराला येणाऱ्या माणसाचा घसा कोरडाच असतो. तेव्हा प्रत्येकीने दाराबाहेर सावलीत एक माठ ठेवावा, त्यावर गेरूने आणि चुन्याने साधी नक्षी काढावी, शेजारी स्वच्छ ओगराळे ठेवावे, आणि जो येईल त्याला जात-भाषा न विचारता पाणी प्यायला द्यावे. मंडळाने यंदा ही योजना हाती घेतली तर पहिला माठ मी माझ्या दारी ठेवीन. सर्व भगिनींना वर्धापनदिनाच्या शुभेच्छा देऊन लेखणी खाली ठेवते.